अर्जदार वारस : मुक्तिसंग्रामातील सैनिकाच्या विधवेच्या निवेदनाची वाङ्मयीन चिकित्सा

मराठी गद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बखर, कैफियत, करीना, महजर, इतकेच काय पण खासगी पत्रव्यवहार यांनाही वाङ्मयविचारात स्थान दिले आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून दफ्तरातील कागद हा गद्याचा नमुना म्हणूनही वाचावयाचा असतो ही गोष्ट मराठी अभ्यासकाला परकी राहिलेली नाही. मात्र ही जिज्ञासा बहुधा पेशवाईच्या अखेरीपाशी येऊन थांबते. विसाव्या शतकातील सामान्य मराठी माणसाने सरकारदरबारी जे लिहिले, किंवा अधिक नेमकेपणाने बोलावयाचे तर त्याच्याकडून जे लिहवून घेण्यात आले, ते अद्याप कारकुनाच्याच कक्षेत राहिले आहे. अशा लेखनापैकी नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा प्रकार म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या सैनिकाच्या पश्चात त्याच्या विधवेने निवृत्तिवेतनासाठी केलेला अर्ज होय.

या प्रकाराविषयी एक मत सर्रास ऐकू येते. असे सर्व अर्ज एकसारखे असतात, त्यांतील वाक्ये ठरावीक असतात, सबब त्यांना वाङ्मयीन मूल्य नाही आणि ऐतिहासिक मूल्यही संशयास्पद आहे, असे हे मत. त्यातील पहिला भाग खरा आहे. दुसरा मात्र त्यातून निघत नाही. हे अर्ज एकसारखे आहेत याचे कारण अर्जदार स्त्रियांचे अनुभव एकसारखे होते किंवा खोटे होते हे नसून, त्यांना विचारलेले प्रश्न एकसारखे होते, हे आहे. साच्याचा दोष मातीवर लोटण्याची ही चूक टाळावयाची असेल तर प्रथम साचा पाहिला पाहिजे.

केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षपूर्तीच्या निमित्ताने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी मराठवाडा भीषण दुष्काळाने होरपळत होता, हा योगायोग केवळ कालगणनेचा नाही. हयात सैनिकास दरमहा किमान २०० रुपये आणि मृत सैनिकाच्या कुटुंबास त्याच्या आकारमानानुसार १०० ते २०० रुपये असे हे वेतन होते, व वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत असले पाहिजे अशी अट होती. म्हणजे योजनेचे नाव गौरवाचे असले तरी तिची रचना साहाय्याची होती. १ ऑगस्ट १९८० पासून योजनेचे नामांतर होऊन त्यात 'सन्मान' हा शब्द आला आणि उत्पन्नाची अट गेली. नामांतराचा हा तपशील वाङ्मयाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. १९८० पूर्वीच्या अर्जदार स्त्रीला एकाच कागदावर दोन गोष्टी सिद्ध करावयाच्या होत्या : पती वीर होता, आणि आपण दरिद्री आहोत. त्यानंतरच्या अर्जदार स्त्रीला फक्त पहिली सिद्ध करावयाची होती. तरीही पुढील काळातील निवेदनांत 'अत्यंत हलाखीची परिस्थिती' हे पद मागणी नसताना टिकून राहते. नियम बदलला तरी भाषेची सवय बदलत नाही, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण आहे. शिवाय हलाखी ही नियमातून गेली असली तरी घरातून गेलेली नव्हती.

आता या साच्यातील मुख्य प्रश्न. केंद्रीय नियमांनुसार पात्रतेसाठी किमान सहा महिने कारावास (स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींसाठी तीन महिने), किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत अवस्था, अथवा स्थानबद्धता, मालमत्तेची जप्ती, गोळीबार वा लाठीमारात आलेले कायमचे अपंगत्व असे काही दाखवावे लागे. यांतील 'भूमिगत' हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. लोकव्यवहारात जो लपून कार्य करतो तो भूमिगत. नियमाच्या भाषेत मात्र ज्यास फरारी घोषित केले, ज्याच्या शिरावर बक्षीस लावले, किंवा ज्याच्या अटकेचा हुकूम निघाला पण बजावता आला नाही, तोच भूमिगत. दोन अर्थांतील हे अंतर एका विलक्षण निष्कर्षाला घेऊन जाते. ज्याची शत्रूच्या दफ्तरात नोंद झाली तो भूमिगत ठरतो; जो खरोखर भूमिगत राहिला, इतका की निजामाच्या पोलिसांना त्याचे नावही कळले नाही, तो ठरत नाही. सैनिक आपल्या कामात जितका निष्णात, तितका त्याच्या विधवेचा पुरावा दुबळा.

हैदराबादच्या लढ्याचे स्वरूप ध्यानात घेतल्यास ही अडचण अधिक तीव्रतेने जाणवते. १९३८ च्या सत्याग्रहात लोक उघडपणे तुरुंगात गेले; त्यांची नोंद झाली. १९४७-४८ च्या पर्वाची गोष्ट निराळी होती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाल्यावर लढ्याचे मोठे अंग संस्थानाच्या सरहद्दीबाहेरील छावण्यांत गेले. नांदेडच्या बाजूने उमरखेड, पुसद. दक्षिणेकडे बार्शी, सोलापूर. छावणीतून निघावे, संस्थानात शिरून करोडगिरीचे नाके जाळावे, पटवाऱ्यांची दफ्तरे नष्ट करावी आणि परत सरहद्द ओलांडावी, हा क्रम होता. उमरी येथील बँकेवरील ३० जानेवारी १९४८ ची धाड, कंधार तालुक्यातील कल्हाळीचा झुंजार प्रतिकार, उदगीरजवळ हत्तीबेट-देवर्जनच्या परिसरातील किसान दलाचे कार्य या गोष्टी इतिहासग्रंथांत आल्या. त्यांच्या मागे असलेली शेकडो माणसे, वाट दाखवणारा, निरोप पोचवणारा, घोडे सांभाळणारा, रात्रीची राखण करणारा, ही ग्रंथांत नावानिशी येत नाहीत. येणे शक्यही नव्हते. दफ्तरे जाळणे हा लढ्याचाच एक कार्यक्रम होता. पंचवीस वर्षांनी त्याच माणसाच्या विधवेकडे त्या काळचे दफ्तर मागितले गेले. यातील उपरोध कोणी योजलेला नव्हता, आणि म्हणूनच त्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही. पुढे सरहद्दीवरील छावण्यांतील सैनिकांनाही योजनेत स्थान मिळाले व मान्यताप्राप्त छावण्यांची यादी करण्यात आली. मग प्रश्न असा झाला की, अमुक माणूस अमुक छावणीत होता हे सांगणारा कागद कोठे आहे.

जे कागद वाचले तेही तिच्या हाताशी नव्हते. हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चाले आणि त्याचे वर्ष फसली असे. ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या या वर्षाचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे होते. ज्याला लोक पोलीस ॲक्शनचे साल म्हणतात ते १९४८ चे बरेचसे वर्ष तेथे १३५७ फसली म्हणून नोंदलेले आहे. त्यातच जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होते. लातूर हा स्वतंत्र जिल्हाच १९८२ मध्ये झाला, तोपर्यंत तो उस्मानाबादेचा भाग होता. १९५६ ची राज्यपुनर्रचना झाल्यावर उदगीरच्या सैनिकाचा जिल्हा आजच्या महाराष्ट्रात, त्याच्या तत्कालीन जिल्ह्याचे ठाणे आजच्या कर्नाटकात आणि संस्थानचे मध्यवर्ती दफ्तर आंध्र प्रदेशात, म्हणजे आजच्या तेलंगणात, अशी वाटणी झाली. तुरुंगाचा दाखला मिळवावयाचा तर चंचलगुडा, गुलबर्गा, बीदर किंवा औरंगाबाद येथे चौकशी करावयाची. ज्या स्त्रीने तालुक्याच्या बाजारापलीकडे प्रवास केला नाही, तिने तीन राज्यांतून एका परभाषेतील नोंद शोधावी अशी ही अपेक्षा होती. ती नोंद न सापडल्यास 'नोंद उपलब्ध नाही' असाही दाखला आणावा लागे. अभावाचाही पुरावा लागावा, ही प्रशासनाच्या तर्कशास्त्रातील खास गोष्ट आहे.

नोंद नसेल तेव्हा साक्षीदार. केंद्रीय योजनेत सहबंदी असलेल्या दोन सैनिकांचे प्रमाणपत्र, आणि भूमिगत अवस्थेसाठी दीर्घ कारावास भोगलेल्या नामवंत नेत्याचे व्यक्तिगत माहितीचे प्रमाणपत्र चाले. महाराष्ट्र शासनाच्या ४ जुलै १९९५ च्या निर्णयानुसार त्याच भागातील, किमान दोन वर्षे कारावास भोगलेल्या अथवा तितका काळ फरारी घोषित झालेल्या दोन स्वातंत्र्यसैनिकांची शपथपत्रे, तत्कालीन वृत्तपत्राची मूळ प्रत यांसारखे पुरावे आणि जिल्हा गौरव समितीची शिफारस यांवर भर होता. यातून लेखनाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा परिणाम घडून आला. अर्जाचा खरा कर्ता बदलला. विधवेच्या निवेदनाला स्वतंत्र वजन उरले नाही. वजन आले ते प्रमाणपत्र देणाऱ्याच्या दोन परिच्छेदांना. अशी प्रमाणपत्रे देऊ शकणारी माणसे थोडी होती आणि वर्षागणिक कमी होत गेली. एकाच व्यक्तीने अनेकांसाठी लिहिल्यावर तिची भाषा अनेकांच्या अर्जांत उतरणारच. 'घरादारावर तुळशीपत्र ठेवून', 'जिवाची पर्वा न करता', 'रझाकारांच्या जुलमास न जुमानता' या पदांचा उगम सैनिकाच्या घरात नव्हे, प्रमाणपत्र देणाऱ्याच्या बैठकीत आणि तहसीलीच्या आवारात बसलेल्या अर्जनवीसाच्या टंकयंत्रात शोधला पाहिजे.

येथपर्यंत साच्याचा विचार झाला. त्यात जी बोलती झाली ती स्त्री कोण होती, आणि तिला काय ठाऊक होते, हा यापुढील आणि अधिक नाजूक भाग आहे.

जुन्या पिढीतील मराठवाड्याच्या ग्रामीण स्त्रीने नवऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही हा रिवाज सर्वज्ञात आहे. लग्नकार्यात, मंगळागौरीला, डोहाळजेवणात उखाण्याच्या आडोशाने नाव घेण्याची मुभा असते. एरवी 'धनी', 'कारभारी', 'अमक्याचा बाप'. जात्यावरच्या ओवीतही भावाचे कौतुक भरभरून येते आणि पती 'भरतार', 'राजस' अशा सामान्यनामांत राहतो. या पार्श्वभूमीवर अर्जाकडे पाहावे. त्यात पतीचे नाव पूर्ण, वडिलांच्या नावासह, आडनावासह, 'कैलासवासी' हे विशेषण लावून वारंवार येते. ज्या स्त्रीने संसाराच्या तीसचाळीस वर्षांत जे नाव तोंडाने घेतले नाही, ते तिला शासनासमोर शपथेवर सांगावे लागले. अनेकींच्या बाबतीत हा उखाण्याबाहेरचा पहिलाच उच्चार असला पाहिजे. तो वैधव्यानंतरचा आहे, हेही खरे. मराठी स्त्रीलेखनाच्या इतिहासात या क्षणाची नोंद कोठेही घेतलेली नाही.

नावाच्या उच्चाराबरोबर तिचे स्वतःचे नाव मात्र डळमळीत होते. माहेरचे नाव एक, लग्नात बदललेले सासरचे दुसरे, शिधापत्रिकेवर कारकुनाने ऐकले तसे तिसरे. विवाहाची नोंद त्या काळी खेड्यात होत नसे. मग ती मृताची विधिवत पत्नी आहे, तिने पुनर्विवाह केलेला नाही, दुसरी पत्नी हयात नाही, तिन्ही नावांची बाई एकच आहे, यासाठी तलाठ्याचा दाखला, सरपंचाचा दाखला, प्रतिज्ञापत्र. पतीचा पराक्रम सिद्ध करण्यास जितके कागद लागत, त्याहून फार कमी कागद ती स्वतः कोण आहे हे सिद्ध करावयास लागत नसत.

या अर्जाच्या व्याकरणातही हेच दिसते. 'मी' हे सर्वनाम आरंभीच्या ओळीत येते आणि शेवटी अंगठ्याच्या ठशापाशी परत येते. मधल्या सर्व मजकुराचा कर्ता 'माझे पती' हा असतो, व क्रियापदे अशा घटनांची असतात ज्या तिने पाहिलेल्या नव्हत्या. तो छावणीत काय करीत होता हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ठाऊक नसणे हीच त्या दिवसांत घरातील सर्वांची सुरक्षितता होती. म्हणजे अर्ज तिला जे विचारतो ते तिने ऐकीव सांगावयाचे, आणि जे तिने स्वतः भोगले ते विचारलेच जात नाही. रझाकार वा पोलीस झडतीला आले तेव्हा घरात कोण होते? लेव्हीचे धान्य कोणी भरले, की कोणी लपवले? त्या पावसाळ्यात पेरणी झाली काय? रात्री भाकरी बांधून कोणी दिल्या, आणि कितीजणांच्या? गाव सोडून सरहद्दीपलीकडे नातेवाइकांकडे परागंदा झाल्यावर लेकरांना काय खाऊ घातले? यांपैकी एकही रकाना अर्जात नाही. पती सहा महिने भूमिगत होता हे विधान करताना त्याच सहा महिन्यांत शेत, जनावरे, सासूसासरे आणि पोलिसांची झडती ही सर्व पत्नीच्या अंगावर होती, हे त्या विधानाच्याच पोटात आहे. ज्याला शासन सैनिकाचा त्याग म्हणते त्याची अर्धी किंमत दुसऱ्याच व्यक्तीने दिली होती. ती व्यक्ती अर्ज करते, पण 'वारस' म्हणून. साक्षीदार म्हणून नव्हे, आणि सहभागी म्हणून तर मुळीच नव्हे.

दगडाबाई शेळके यांच्यासारख्या शस्त्र हाती घेतलेल्या स्त्रियांचे स्मरण मराठवाड्यात अभिमानाने केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या स्मरणामुळे असा समज दृढ होतो की, घोड्यावर बसलेली स्त्री तेवढी लढली. नियमांतही स्त्री सैनिकासाठी कारावासाची मुदत कमी करण्याची उदारता आहे, मात्र घर हेच रणक्षेत्र असणाऱ्या स्त्रीसाठी काही कल्पना नाही. मुक्तिसंग्रामावरील प्रमुख लेखनाची स्थितीही फारशी वेगळी नाही. स्वामी रामानंद तीर्थांचे १९६७ मधील आत्मकथनपर इंग्रजी पुस्तक, अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा १९८७ चा ग्रंथ, नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे या विषयावरील मार्मिक लेखन, यांचे मोल वादातीत आहे. नेतृत्व, संघटना, धोरण आणि निजामी राजकारणाचे अंतरंग यांचा तो इतिहास आहे. मागे राहिलेल्या घराचा इतिहास त्यात शोधणे हा ग्रंथकारांवर अन्याय होईल. तो ज्या एका ठिकाणी अपघाताने, तुकड्यातुकड्यांनी आणि बहुधा लेखनिकाच्या अनवधानाने उतरला आहे ते ठिकाण म्हणजे हा अर्ज.

अनवधानाने असे म्हणण्याचे कारण, या गद्याचे जिवंत अंश तेथेच सापडतात जेथे साचा गळतो. त्यांची एक खूण कालनिर्देशाची आहे. अर्जनवीस 'सन १९४७-४८' लिहितो. स्त्री मात्र काळ सांगते तो अखाडीने, पोळ्याने, ज्वारीच्या काढणीने, थोरल्या मुलाच्या जन्माने, दुष्काळाने. निजामी दफ्तर बोलते ते आजूर-दैच्या भाषेत. एकाच घटनेला अशी तीन पंचांगे लाभली आहेत आणि ती जुळवून घेण्याचे काम कोणीही केलेले नाही. छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याने 'पोळ्याच्या आधी' आणि 'मेहर १३५७' यांत विसंगती पाहिली असेल, तर ती बहुतेक वेळा वस्तुस्थितीतील नसून पंचांगातील होती; मेहर म्हणजे ढोबळमानाने ऑगस्ट, आणि पोळा श्रावणाच्या अखेरीस येतो. दुसरी खूण स्थळनामांची. ठरावीक वाक्यात गावांची मोठी नावे येतात; गळतीच्या वाक्यात ओढा, माळ, विहीर, देवीचे ठाणे, कोणाचा तरी गोठा येतो. समीक्षकाने पहिल्यावर नव्हे, दुसऱ्यावर बोट ठेवले पाहिजे.

अशा अर्जाची तुलना दूरच्या एका प्रदेशातील अर्जांशी केल्यास त्याचे रूप अधिक स्पष्ट होते. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात पराभूत झालेल्या दक्षिणेकडील राज्यसंघाच्या सैनिकांना संघराज्याकडून निवृत्तिवेतन मिळाले नाही. ते उत्तरेच्या सैनिकांसाठी होते. तेव्हा दक्षिणेतील राज्यांनी आपापले कायदे केले : नॉर्थ कॅरोलायनाने १८८५ मध्ये, व्हर्जिनियाने १८८८ मध्ये, टेक्ससने १८९९ मध्ये, टेनेसीने विधवांसाठी १९०५ मध्ये. तेथील विधवेलाही पती कोणत्या तुकडीत होता, तो पळून तर गेला नव्हता, विवाह कधी झाला, पुनर्विवाह केला काय, घरी किती मालमत्ता आहे, असे प्रश्न होते आणि पतीच्या जुन्या सोबत्यांची साक्ष लागे. प्रश्नांचे हे साम्य थक्क करणारे आहे. साम्य येथेच संपते, हेही सांगितले पाहिजे. ते सैन्य गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांचे होते, आणि तेथील वेतनांमागे पराभूत पक्षाच्या स्मृतीला प्रतिष्ठा देण्याचा राजकीय हेतू होता. येथील सैनिक एका सरंजामी सत्तेविरुद्ध उभे होते. दोन लढ्यांना एका तागडीत घालण्याचे कारण नाही. तुलनेचा उपयोग एवढाच की, दारिद्र्य आणि वैधव्य यांना शासनाच्या दारी कोणत्या भाषेत बोलावे लागते ती भाषा लढ्याच्या न्याय्यतेवर अवलंबून नसते. दक्षिणेतील अर्जाला मात्र एक सोय होती. तेथे पलटणींच्या हजेरीपटाची परंपरा होती. सरहद्दीवरील छावणीतल्या शेतकऱ्याची हजेरी कोणी लावली?

या चिकित्सेवर घेण्याजोगा सर्वांत गंभीर आक्षेप लबाडीचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रकरणांची न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगामार्फत चौकशी झाली, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लबाडीने मिळवलेल्या लाभाला संरक्षण नाही ही भूमिका घेतली. खोटे अर्ज झाले, खोटी प्रमाणपत्रे दिली गेली, याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो त्या खोट्याच्या शैलीचा. बनावट अर्ज करणारा साच्याला तंतोतंत पाळतो. त्याला दुसरे काही सांगावयाचेच नसते. त्याची कागदपत्रे पूर्ण असतात, वृत्तपत्राची प्रत असते, शपथपत्रे बिनचूक असतात. खरी अर्जदार अडखळते, वर्ष चुकते, नाव निराळे सांगते. कागदाच्या पूर्णतेवर सत्य मोजणारी पद्धती अशा वेळी नेमकी उलट निवड करण्याचा धोका पत्करते. न्यायालयांना याची जाणीव नव्हती असे नाही. मुकुंदलाल भंडारी प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्ज मुदतीनंतर आला एवढ्याच कारणाने तो फेटाळता येणार नाही असे ठरवले. गुरदयाल सिंग प्रकरणात २००१ मध्ये अशा बाबतीत फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा न मागता संभाव्यतेच्या कसोटीने पाहावे असे म्हटले. संभाव्यतेची कसोटी ही वस्तुतः समीक्षकाचीच कसोटी आहे : हे निवेदन स्वतःशी सुसंगत आहे काय, त्यातील तपशील उसना आहे की जगलेला, हे पाहणे. साहित्याच्या अभ्यासकाने या क्षेत्रात पाऊल टाकण्यास संकोच करावा असे त्यात काही नाही.

आणखी एक गोष्ट या विषयाच्या कडेला उभी आहे. कासीम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या रझाकारांनी केलेल्या अत्याचारांची स्मृती या जिल्ह्यांत घराघरांत आहे. पण सप्टेंबर १९४८ मध्ये लष्करी कारवाई झाल्यानंतर या भागात मुसलमानांच्या हत्याही झाल्या. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस दौरा करून संस्थानात किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत असा अंदाज नोंदवला, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक हानी झालेले जिल्हे म्हणून सांगितले. अहवाल दीर्घकाळ प्रकाशात आला नाही. मृतांपैकी पुष्कळांचा रझाकारांशी संबंध नव्हता. त्यांच्या विधवाही याच खेड्यांत, काही वेळा त्याच गल्लीत, म्हाताऱ्या झाल्या. त्यांना भरावयास कोणताही नमुना नव्हता. अर्जांचा अभ्यास करताना न लिहिल्या गेलेल्या अर्जांचे भान सुटले तर अभ्यास अपुरा राहील. एका विधवेच्या निवेदनाकडे सहानुभूतीने पाहण्यासाठी दुसरीला अदृश्य करावे लागत नाही.

निवृत्तिवेतन मंजूर झाल्यावरही लेखन संपत नाही. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावयाचा असतो. बँकेत जाऊन ती जिवंत आहे एवढेच शासनाला कळवावयाचे. अंगठ्याच्या रेषा शेतकामाने झिजलेल्या असतात, ठसा उमटत नाही, पुन्हा शाई लावावी लागते. सैनिकाचा इतिहास, पुरावे, शपथपत्रे या सर्वांच्या शेवटी तिच्याकडून मागितलेले हे एकमेव विधान असे आहे की ज्याचा कर्ता ती स्वतः असते.

राहिला प्रश्न संग्रहाचा. सरकारी कार्यालयांत अभिलेखांचे 'अ', 'ब', 'क', 'ड' असे वर्गीकरण होते; पहिला वर्ग कायम जतनाचा, बाकीचे मुदतीनंतर नष्ट करावयाचे. मंजूर झालेल्या प्रकरणांना टिकण्याची काही आशा असते. फेटाळलेल्या अर्जांना ती नसते, कारण प्रशासनाच्या दृष्टीने त्यांचे काम संपलेले असते. वर सांगितलेल्या कारणांनी अभ्यासाच्या दृष्टीने फेटाळलेले अर्जच अधिक मोलाचे आहेत : त्यांत साचा कमी बसलेला आहे, आणि बाई अधिक उरलेली आहे. नांदेड व लातूर येथील जिल्हाधिकारी कार्यालयांकडे जिल्हा गौरव समितीसमोर आलेल्या फेटाळलेल्या प्रकरणांच्या प्रती, व्यक्तींची नावे गुप्त राखण्याच्या अटीवर, विद्यापीठाच्या संग्रहासाठी मागाव्या लागतील. त्याचबरोबर उर्दू व फारसी जाणणाऱ्या अभ्यासकाच्या साहाय्याने फसली तारखांचे, मराठी सणांचे आणि इंग्रजी महिन्यांचे १३५६, १३५७ व १३५८ या तीन वर्षांपुरते तरी एक जुळणीपत्रक तयार करावे लागेल. तेवढे हाती आल्याखेरीज यांतील एकाही निवेदनाला खोटे म्हणण्याचा अधिकार समीक्षकास पोचत नाही.